टोपी घातलेला डोंगर

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी तिवई आहे. कॅमेरा हलू नये म्हणून त्याच्याखाली उभी करतात ती, तीन पायांची. सध्या माझा मुक्काम एका गोठ्यात आहे आणि माझ्या डोक्यावर दूध गाळायचं फडकं वाळत घालतात. गाईंना माझं काही वाटत नाही. मलाही त्यांचं फारसं वाटत नाही. पण गोठ्याच्या दारातून समुद्र दिसतो, समुद्रापलीकडे पिको डोंगर दिसतो, आणि मग मला गप्प राहवत नाही.

माझा जन्म आमच्या साव जॉर्ज बेटावरच झाला. बेलार्मिनो नावाच्या होडी बांधणाऱ्यानं मला तीन तडकलेल्या वल्ह्यांतून कातलं. देवमाशांच्या शिकारीवर जाणाऱ्या होडीची वल्ही होती ती. पायांना त्यानं लोखंडी टोकं बसवली आणि म्हणाला, "आजवर कुठं ना कुठं जात होती. आता एका जागी उभी राहायला शिकतील." शिकले मी. मित्रांनो, एका जागी उभं राहणं हे माझ्या आयुष्यातलं एकमेव कर्तृत्व आहे.

बेलार्मिनोनं मला अमांदियोच्या हवाली केलं. अमांदियो गावचा फोटोग्राफर होता आणि उरलेल्या वेळात गाई राखायचा. खरं तर उलट, पण त्याला असंच सांगितलेलं आवडायचं. सुरुवातीला त्यानं लग्नाचे फोटो काढले. लग्नाच्या फोटोत कोणी ना कोणी डोळे मिटतंच. डोंगर डोळे मिटत नाही, असा हिशेब करून तो डोंगराकडे वळला.

ते माझे चांगले दिवस होते. अमांदियो मला खांद्यावर टाकायचा आणि आम्ही निघायचो. निळ्या हायड्रेंजिया फुलांची कुंपणं, शेवाळलेल्या दगडांच्या पायऱ्या, कड्याच्या कडेनं उतरणारी वाट. धुकं एवढं यायचं की अमांदियोला माझे पाय दिसायचे नाहीत आणि मला त्याचे. आमच्या गावातली निम्मी माणसं तेव्हा कॅलिफोर्नियात होती, इथल्या गाई सोडून तिथल्या गाई दोहायला. त्यांची पत्रं यायची: आमचं कुरण दिसेल असा फोटो पाठव. एकानं लिहिलं होतं, "आमची दगडी भिंत पूर्ण येऊ दे. शेजाऱ्याची नाही आली तरी चालेल." तिकडच्या कितीतरी स्वयंपाकघरांत मी धरून ठेवलेले देखावे टांगलेले आहेत. त्यात मी कुठंच दिसत नाही. आमच्या धंद्यात तेच कौतुक समजतात.

या फोटोंचा एक नियम होता. समोरच्या बेटावरच्या पिकोवर ढग बसला की आम्ही म्हणतो, त्यानं टोपी घातली. टोपी घातली की पाऊस आलाच. म्हणून आमच्या गावात परदेशी गेलेल्यांना टोपीवाल्या पिकोचा फोटो कधी पाठवत नाहीत. पाठवला तर घरात काहीतरी वाईट झालं, असं ते समजतात. हा नियम कोणी केला ते कोणालाच ठाऊक नाही, म्हणून सगळे तो पाळतात. अमांदियो तर सर्वांत जास्त.

आता देओलिंदाचं सांगते. देओलिंदा अमांदियोची धाकटी बहीण. मोठा धरणीकंप झाला त्या वर्षी ती नवऱ्याबरोबर कॅलिफोर्नियाला गेली. भावंडांचं मूळ घर कड्याच्या पायथ्याला, समुद्राकाठच्या जमिनीच्या सपाट तुकड्यावर होतं. त्या तुकड्याला आम्ही फजां म्हणतो. तिथं गाडीरस्ता नाही. वरून चालत उतरायला दीड तास लागतो, आणि चढायला तुमच्या वयावर अवलंबून. त्यांची म्हातारी आई तिथंच राहायची. वर ये म्हटलं की म्हणायची, "वर काय आहे?"

काही वर्षांनी देओलिंदाचं पत्र आलं. अमांदियोची बायको ओदेत हिनं ते मोठ्यानं वाचलं. मी कोपऱ्यात उभी होते.

"दादा, डॉक्टर म्हणतात साखरेनं डोळे खाल्लेत. थोडी वर्षं मिळतील. घराचा फोटो पाठव. दिसतंय तोवर बघून ठेवते."

अमांदियोनं डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला उचललं. कड्याच्या वाटेवर खालच्या टोकाजवळ एक वळण आहे. तिथून खाली घर, दाराशी अंजिराचं झाड, पुढे समुद्र आणि समोर अख्खा पिको. तिथल्या मातीत त्यानं माझे पाय रोवले. पिकोनं टोपी घातली होती. कानापर्यंत.

खाली दारात आई आली. कपाळावर हात धरून तिनं वर पाहिलं आणि ओरडली, "झालं का रे?"

"नाही आई. टोपी आहे."

"मग खाली ये. अळकुड्या उकडल्यात."

अमांदियोनं आलोच आहोत तर म्हणून एक फोटो काढला. टोपीमुळे वर बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून कॅमेरा थोडा खाली वाकवला. धुवून आल्यावर त्यानं तो फोटो पाहिला आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकला.

"पाठवत का नाहीस?" ओदेतनं विचारलं.

"टोपी आहे."

"तिनं घर मागितलंय. घराला टोपी नाही."

"तुला फोटोतलं काय कळतं?"

"काही नाही," ओदेत म्हणाली. "मला फक्त वाचता येतं."

मित्रांनो, असं नऊ वर्षं चाललं. अमांदियो आळशी नव्हता. तो आळशी असता तर पहिलाच फोटो पाठवून मोकळा झाला असता. सकाळी पिको स्वच्छ दिसायचा, आम्ही धावत वळणावर पोचायचो, तोवर त्यानं टोपी चढवलेली असायची. ओदेत म्हणायची, "तुला बघून लाजतो तो." देओलिंदाची पत्रं येत राहिली, अक्षर मोठं होत गेलं, ओळी उतरत्या झाल्या. अमांदियो उत्तर लिहायचा: "थांब जरा. तुला चांगलाच पाठवीन." तिच्यासाठी सर्वांत चांगलं तेच द्यायचं, असं त्यानं ठरवलं होतं. माणसं एकमेकांवर प्रेम करताना अशा काही गोष्टी ठरवतात आणि मग कोणाचा इलाज चालत नाही.

चौथ्या वर्षी आई गेली. सहाव्या हिवाळ्यात कड्याचा एक लचका तुटून घरावर आला आणि अर्धं छप्पर बसलं. अंजीर मात्र वाढत राहिलं. हे सगळं डब्यात जमा होत होतं. एकूण सतरा फोटो.

नवव्या वर्षी ऑक्टोबरात एक दिवस असा उगवला की आकाशात ढगाची चिंधीही नव्हती. अमांदियो साठीच्या पुढचा होता, तरी मला घेऊन पळाला. त्यानं नवं मोठं भिंग आणलं होतं, लांबचा डोंगर जवळ ओढणारं. वळणावर त्यानं माझे पाय ताणले, स्क्रू आवळले, आणि अख्खं शिखर मावावं म्हणून कॅमेऱ्याचं नाक वर उचललं.

मला ते वजनावरून कळलं. घर चौकटीबाहेर गेलं होतं. अंजीर बाहेर गेलं होतं. मी जमेल तेवढी करकरले. अमांदियोनं स्क्रू आणखी आवळला. मित्रांनो, तिवईला मान असते, तोंड नसतं.

फोटो अप्रतिम आला. पाद्रीसाहेबांनी तो देवळाच्या दाराशी दोन दिवस लावून ठेवायला सांगितलं. मग तो दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून कॅलिफोर्नियाला गेला. तीन आठवड्यांनी देओलिंदाच्या मुलीचा, लुसिलाचा फोन आला. अमांदियोला कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्याच्या फोनचा आवाज घरभर असायचा.

"मामा, फोटो पोचला. फार सुंदर आहे. भिंतीवर लावलाय."

"देओ काय म्हणाली?"



"मामा, आईला मे महिन्यापासून काही दिसत नाही. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती. म्हणाली, दादा उगाच घाई करील."

अमांदियो खुर्चीत बसला.

"मी तिला सांगितलं काय काय आहे ते," लुसिला म्हणाली. "समुद्र, डोंगर, ढग एकही नाही. ती म्हणाली, घर सांग. मी म्हटलं, घर नाहीये यात. ती म्हणाली, नीट बघ, खाली डावीकडं असेल, अंजिराशी. मामा, मी भिंग घेऊन बघितलं."

त्या दिवशी कोणी जेवलं नाही. ओदेत एरवी प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायची. ती उठली, कपाटावरचा डबा काढून तिनं टेबलावर ठेवला आणि गाई दोहायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, तिकडे सकाळ असताना, अमांदियोनं फोन लावला. समोर सतरा फोटो ओळीनं मांडले होते.

"देओ, माझ्याकडं आणखी फोटो आहेत. आधीचे. मी सांगतो, तू ऐक."

"सांग."

"हा पहिला. घर आहे. छप्पर शाबूत आहे. दारात आई उभी आहे, कपाळावर हात धरून."

"टोपी आहे का?"

"आहे," अमांदियो म्हणाला. "कानापर्यंत."

"मग पाऊस येणार. आईला सांग, कपडे आत घे."

अमांदियोनं फोटो डोळ्यांजवळ नेला. घराच्या कडेला दोरीवर खरंच कपडे होते. नऊ वर्षांत त्याला ते दिसले नव्हते.

"सांगतो," तो म्हणाला.

दुसऱ्या फोटोत चुलीचा धूर होता. तो कुठल्या दिशेला जातोय, हे तिनं विचारून घेतलं. तिसऱ्यात आई पाठमोरी होती. "लंगडतेय का?" देओलिंदानं विचारलं. फोटोत लंगडणं दिसत नाही, पण अमांदियो म्हणाला, "थोडी." मग लुसिलाचा आवाज आला, "मामा, आई दमली. उरलेले रविवारी सांगा."

रविवारसाठी अमांदियोनं चौदा फोटो पुन्हा लावून ठेवले. छप्पर पडल्यानंतरचे त्यानं वेगळे काढले. ते कसे सांगायचे याचा तो विचार करत होता.

फोन शनिवारी आला. त्यांच्या बाजूनं. रविवारी ऐकायला आता देओलिंदा नव्हती.

त्यानंतर अमांदियोनं मला कधी उचललं नाही. कॅमेरा कोणाला तरी दिला, मी गोठ्यात आले. तो गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ओदेत अजून आहे. फडकं तीच वाळत घालते. डबा माझ्या वरच्याच फळीवर आहे. समुद्राच्या दमट हवेत सतरा फोटो एकमेकांना चिकटून त्यांची एक वीट झाली आहे. आता आईला घरापासून आणि घराला दरडीपासून कोणी वेगळं करू शकणार नाही.

हल्ली त्या वाटेनं खूप चालणारे येतात, पाठीवर पिशव्या आणि हातात फोन घेऊन. परतताना गोठ्यापाशी पाणी मागतात आणि एकमेकांना चित्रं दाखवतात. सगळी त्याच वळणावरची. "ढगानं घोळ केला," म्हणतात. "उद्या परत येऊ." अंजिराच्या झाडाखाली एक भिंत शिल्लक आहे म्हणे. ती मध्ये येऊ नये म्हणून ते फोन जरा वर धरतात.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी म्हाताऱ्या वस्तूनं काहीतरी मागायचं असतं. मला तेल लावा, मला उन्हात ठेवा, असं. माझ्या लाकडाला कीड लागली आहे. तिचं जेवण चालू राहू दे. मी एवढंच मागते. तुमच्याकडं कोणी काही मागितलं, तर ते मागितलंय तेवढंच द्या, आणि आज द्या. त्यात तुमचा डोंगर घालू नका. तुम्ही हे ऐकाल असं मला वाटत नाही. अमांदियो भला माणूस होता, त्याला तर घरातच सांगणारी होती.

आज सकाळपासून पिकोनं टोपी घातली आहे. ओदेत अजून झोपलेली आहे. बाहेर दोरीवर कपडे आहेत, आणि मला तोंड नाही.