जिन्याच्या वळणावरची खाट

जनाजा दुसऱ्या वळणावर अडकला. पुढचे दोघे खालच्या पायऱ्यांवर, मागचे दोघे वर, आणि मधे खाजाभाईंची अम्मी. लाकूड भिंतीला घासत होतं, पण वळत नव्हतं. मी वरच्या कठड्याशी बायकांत उभी होते. मेला तो जिना, तिथून सगळा दिसत होता.

बघायची गरजच नव्हती म्हणा, आमच्या जळगावच्या ऑफिसातच काढलेला तो. ऑफिस म्हणजे आर्किटेक्ट हितेंद्रसर, आणि नकाशे काढणारे आम्ही दोघं, मी नि खाजाभाई. बिल्डर जीवरामशेठना खाली एक दुकान जास्तीचं हवं होतं, ते जिन्यातून कापलं. सर, हा जिना नाही, शिडी झाली, असं खाजाभाई तेव्हाच म्हणाले होते. माणसं चढतात ना, मग झालं, म्हणून सर हसले होते. पुढे त्याच बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर खाजाभाईंनी घर घेतलं. शेठ ऑफिसच्या माणसाला सवलत देत होते, दुसरीकडे कुठलं परवडायला! पाय गेल्यापासून अम्मी खाली उतरलीच नव्हती.

जनाजा उभा करून काढू, असं कुणीतरी सुचवलं. तळमजल्यावरचे गिरधरनाना खालून बघत होते. ते आपले स्वतःशीच बोलले, "इतला अरुंद जिना कोनी बनाडा रे?"

खाजाभाईंनी ऐकलं. नानांच्या शेजारी उभ्या सरांनीही ऐकलं, आणि मान वळवून रस्त्याकडे बघू लागले. मला सरांचा असा संताप आला की सांगता सोय नाही.

"अम्मी को खडी मत करो," खाजाभाई म्हणाले. "वापस ऊपर लो."

जनाजा परत घरात आला. रिकामा करून, उभा धरून आधी खाली नेला. मग खाजाभाईंनी कफनातल्या अम्मीला दोन्ही हातांवर उचललं आणि अंग तिरकं करत एकेक पायरी उतरू लागले. धाकटा भाऊ हसनैन शेजारून, तिच्या पायांना भिंत लागू नये म्हणून मधे आपला हात धरून. खाजाभाईंची बायको आबेदाभाभी माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती.

आठवड्याने खाजाभाई कामावर आले. शेठच्या नव्या बिल्डिंगीचे नकाशे चालू होते. त्यांनी कॉम्प्युटरवर जिन्याच्या प्रत्येक वळणावर लाल रेघेने एक खाट काढली, वळेल एवढी जागा सोडून. दुकान लहान झालं.

शेठ आले आणि हे काय मधेच, म्हणून विचारू लागले.

"खाट आहे, शेठ. माणूस शेवटी झोपून उतरतं."

शेठनी सरांकडे पाहिलं. जळगावात ऑफिसं काय कमी आहेत, असं हसत हसतच म्हणाले. सरांनी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बोट केलं.

"पुसा ती, खाजाभाई."

"तुम्ही पुसा, सर," ते शांतपणे म्हणाले, आणि पाणी प्यायला उठून गेले.

सर खाजाभाईंच्या खुर्चीत बसले. एकेक करून सगळ्या खाटा पुसल्या, उठले आणि शेठना सोडायला बाहेर गेले.

खाजाभाई परत आले. रुमालाने तोंड पुसलं, खुर्ची पुढे ओढली आणि पडद्यावरची दुकानाची भिंत पुन्हा जिन्यात सरकवली.