खोऱ्यातली एकच हॅवरस्केल

ऑलिव्ह मूळची हल नावाच्या बंदरगावची. तिचे वडील बंदरावर मासळीच्या पेट्या वाहायचे, आणि माहेरचं आडनाव होतं टेलर. लग्न होऊन ती आमच्या डोंगरातल्या कर्कबेक गावाला आली, तेव्हा पहिल्याच जेवणाला तिची सासू हॅना म्हणाली, "टेलर म्हणजे गवत. पाय ठेवशील तिथं उगवलेलं. आमचं तसं नाही." मग बटाट्यांचं भांडं तिच्यापुढं सरकवत म्हणाली, "नाव तुला वापरायला मिळालंय हो, पोरी. जपून वापर."

हे ऑलिव्हनंच मला हसत हसत सांगितलं होतं. पण इतक्या वर्षांनंतरही तिला शब्द न् शब्द आठवत होता, म्हणजे ते बोलणं काही हसण्यावारी गेलेलं नव्हतं.

मी तेव्हा कर्कबेकचं दुकान चालवायचे. काउंटरच्या एका टोकाला पोस्टाची खिडकीही होती. त्यामुळं गावातलं कुणी मला अनोळखी नव्हतं आणि कुणाचं आडनाव लिहिताना माझा हात अडखळत नसे. हॅवरस्केल हे आडनाव मात्र खोऱ्याबाहेर सांगितलं की लोक दोनदा विचारत. हॅवर म्हणजे आमच्या जुन्या बोलीत ओट्स आणि स्केल म्हणजे माळावरचं खोपटं. गावाच्या वर, शेवटच्या फाटकाच्याही पलीकडं, त्या खोपटाची जागा अजून आहे. गुडघ्याएवढ्या दोन भिंती, मध्ये माजलेलं रान आणि पावसापासून आडोशाला आलेल्या मेंढ्या. तिथं राहायचे म्हणून ते हॅवरस्केल. ऑलिव्हचा नवरा विल्फ दोन ग्लास बिअर झाली की छाती ठोकून सांगायचा, "आम्ही काही सरदार-बिरदार नव्हे. खोपटवाले!"

एके काळी खोऱ्यात दगड मारला तर तो हॅवरस्केललाच लागेल, अशी स्थिती होती. चर्चच्या आवारातली थडगी बघितली तरी कळतं. मग शिशाच्या खाणी बंद पडल्या. कुणी बिऱ्हाड गाडीत भरून डोंगरापलीकडं लँकेशायरच्या कापडगिरण्यांत गेलं, कुणी डरॅमला कोळसा खणायला, कुणी जहाजानं आणखी लांब. गेलेले परत आले नाहीत. ऑलिव्ह आली तेव्हा गावात हॅवरस्केलांची दोनच घरं उरली होती. पुढं विल्फचे काका गेले आणि एकच राहिलं.

ऑलिव्हला मूल झालं नाही. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा टिकले नाहीत. हॅनानं तोंडावर कधी काही म्हटलं नाही. पण चार माणसांत सुस्कारा टाकून म्हणायची, "आमचं आता विल्फपाशी थांबलं." आणि ऑलिव्ह तिथंच बशा पुसत उभी असायची.

हॅना गेली. मग एका वसंतात, मेंढ्या व्यायच्या दिवसांत, विल्फ गोठ्यातच कोसळला तो उठलाच नाही. त्यानंतर गल्लीच्या टोकाच्या त्या घरात ऑलिव्ह एकटी. मेंढरं विकली, चार कोंबड्या ठेवल्या. दुकानात रोज यायची आणि रोज एकच वस्तू न्यायची. आज साखर, उद्या काडेपेटी. सगळं एकदम का नेत नाहीस, असं मी एकदाच विचारलं. "मग उद्या कशाला येऊ?" असं ती म्हणाली. परत विचारलं नाही.

अशात डेस्मंड हॅवरस्केल आला.

तो डोंगरापलीकडच्या बर्नलीचा. नोकरीतून निवृत्त झालेला, नीटनेटका, गळ्यात चष्म्याची दोरी. आडनावाच्या लोकांना शोधून काढायचं वेड लागलेला माणूस. आधी माझ्या दुकानात शिरला.

"इथं हॅवरस्केल कुणी उरलंय का हो?"

"आहे की. ऑलिव्ह. गल्लीच्या वरच्या टोकाला."

"जन्मानं?"

"विल्फची बायको ती."

"अस्सं," म्हणाला आणि उघडलेलं पेन परत खिशाला लावलं.

त्याला जगभरातल्या हॅवरस्केलांचा मेळावा भरवायचा होता, तोही मूळ गावात. त्यासाठी हॉल हवा आणि चहा-खाणं करणारं कुणीतरी हवं. हॉलची किल्ली ऑलिव्हकडं असायची, म्हणून मग तो तिच्याकडं गेला. तिनं सगळं अंगावर घेतलं. आठवडाभर तिच्या घरातून आल्याच्या केकचा वास येत होता. शहरात जाऊन केस सेट करून आली. निळा पोशाख काढला, जो विल्फच्या मागं मी एकदाही पाहिला नव्हता.

"डोरीन, एका खोलीत चाळीस हॅवरस्केल!" ती मला म्हणाली. "हॅना असती तर तिला चक्करच आली असती."

जूनमधला शनिवार होता. बस आली. लँकेशायरचे सगळ्यात जास्त, थोडे डरॅमचे, कॅनडाहून एक जोडपं. एकमेकांची नाकं बघून "हे आमच्या काकांचं नाक!" असं ओरडत होते. ऑलिव्ह दाराशी उभी राहून प्रत्येकाचा हात हातात घेत होती. "मी ऑलिव्ह हॅवरस्केल. या, या." तिचा चेहरा इतका उजळलेला मी फार दिवसांनी पाहत होते.

डेस्मंडनं भिंतीवर तीन नकाशे लावले होते. पहिला फार जुन्या काळचा. त्यात सगळ्या टाचण्या आमच्याच खोऱ्यात, एकमेकींना चिकटून. दुसऱ्यात त्या डोंगर ओलांडून पांगू लागलेल्या. तिसरा आजचा. त्यात बर्नली आणि आसपास गोवर आल्यासारखे लाल ठिपके, डरॅमकडं थोडे, आणि आमचं खोरं कोरं. ऑलिव्ह चष्मा लावून तिसऱ्या नकाशापाशी वाकली.

"इथली टाचणी पडली वाटतं," ती म्हणाली आणि खाली जमिनीवर बघू लागली.

"पडली नाही, बाई," डेस्मंड म्हणाला. "तुमचे मिस्टर गेल्याचं कळलं तेव्हा मी काढली."

"पण मी आहे की."

"तुम्ही आहातच हो! पण हे रक्ताचं आहे ना. लग्न करून आलेल्या बायका धरल्या तर मला टाचण्या पुरायच्या नाहीत."

आजूबाजूचे हसले. ऑलिव्हही हसली. माझ्या हातात किटली होती. ती त्याच्या डोक्यात घालावी असं मला फार वाटलं.

मग सगळी वरात खोपटाकडं निघाली. ऑलिव्हनं मागं हॉलला कुलूप घातलं आणि तीही आली. चढ उभा, ऊन चांगलं तापलेलं, त्यामुळं एकेकाचे कोट निघाले. वर पोचल्यावर फोटोची तयारी झाली. डेस्मंडनं टाळ्या वाजवल्या. "जन्माचे तेवढेच पुढं या! बाकीच्यांनी जरा बाजूला व्हा. आणि कोट कुणीतरी धरा."

सुना-जावई हसत बाजूला झाले, सिगारेटी पेटवून गप्पांना लागले. त्यांचं कुणी ना कुणी फोटोत होतंच. कोट ऑलिव्हनं घेतले. एकावर एक, हनुवटीपर्यंत ढीग झाला. त्या ढिगामागं फक्त तिचे सेट केलेले केस दिसत होते.

फोटो झाला आणि डेस्मंडनं पडक्या भिंतीवर चढून भाषण केलं. पूर्वजांचे कष्ट, खाणी, गिरण्या, सगळं झालं. शेवटी आवाज खाली आणून म्हणाला, "आणि मग विल्फ्रिड गेले. या खोऱ्यातला शेवटचा हॅवरस्केल. तेव्हापासून मंडळी, हे खोरं रिकामं आहे."

कुणी तरी नाक शिंकरलं. मी ऑलिव्हकडं पाहिलं. ती एकेक कोट नीट घडी करून भिंतीवर ठेवत होती. शेवटचा ठेवला, त्याची बाही सरळ केली आणि ती उताराला लागली. कुणाचं लक्ष नव्हतं.

आमच्याकडचं ऊन भरवशाचं नसतं. मंडळी उतरताना निम्म्यात पोचतात तोच पाऊस आला, आणि असा आला की हॉलपर्यंत सगळे निथळत होते. हॉलला कुलूप. दारावरच्या पडवीत पाच-सहा जणच मावले, बाकीचे झाडाखाली.

"बाई विसरल्या वाटतं," डेस्मंड चष्मा पुसत म्हणाला. चष्मा पुसायला त्याच्याकडं कोरडं काही उरलं नव्हतं.

मी गल्ली चढू लागले. मागून एक ठेंगणी, जाडसर बाई धापा टाकत आली. "मी येते. मी लॉर्ना." फोटोत ती पुढच्या ओळीत होती, एवढं मला आठवलं.

ऑलिव्हचं दार लोटलेलं होतं. ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती. समोर टेबलावर किल्ली.

"पाऊस आलाय," मी म्हटलं.

"दिसतंय मला."

"अगं, लोक भिजतायत तिथं."

"कुठले लोक? खोरं तर रिकामं आहे."

लॉर्ना फसकन हसली आणि तिनं ओल्या हातानं तोंड दाबलं. "माफ कर हं. पण हे त्याच्या तोंडावर म्हण, मी तुला बक्षीस देईन." न विचारताच ती खुर्ची ओढून बसली. "मी जन्माची हॅवरस्केल. लग्न झालं आणि ड्यूहर्स्ट झाले. त्याच्या नकाशात मीही नाही. लग्न झालं म्हणून माझी टाचणी उपटलीय त्यानं. फोटोत चालते, नकाशात चालत नाही. आमच्याकडं त्याला सगळे टाचण्या डेस म्हणतात."

ऑलिव्ह हसली नाही. ती किल्लीकडंच बघत होती.

"सासू म्हणायची, नाव वापरायला मिळालंय. मी वापरलं. माझे आईवडील गेले, भाऊ बोटीवर गेला तो बुडाला. मला टेलर म्हणून ओळखणारं आता कुणी नाही. आणि हेही माझं नाही म्हणता. मग तुम्ही दार वाजवलंत तर मी कोण म्हणून उघडू?"

बाहेर पन्हळीतून पिंपात पाणी पडत होतं. मी तिची इतक्या वर्षांची शेजारीण, रोज भेटणारी, आणि हे मला आज कळत होतं.

मग ऑलिव्ह उठली. किल्ली उचलून म्हणाली, "चला. भिजलेल्या माणसाला चहा द्यायचा असतो. मग तो कुणी का असेना."

तिनं हॉल उघडला. चहाचा बंब लावला, सँडविचच्या थाळ्या मांडल्या, टॉवेल नव्हते म्हणून टेबलावरच्या चादरी काढून दिल्या. माफी मागितली नाही आणि रागही दाखवला नाही. डेस्मंड कप घेऊन पुढं आला. त्याच्या पायांखाली तळं साचलं होतं.

"बाई, माझ्या बोलण्यात काही चुकलं असेल तर..."

"साखर किती?"

"दोन चमचे."

तिनं एकच घातला आणि कप त्याच्या हातात दिला. तो मुकाट्यानं प्याला.

मंडळी खाण्यात गुंतली असताना लॉर्ना नकाशापाशी गेली. डबीतून टाचणी काढली आणि आमच्या खोऱ्यात खोचली, अगदी मुळापर्यंत. सगळ्यांनी पाहिलं, डेस्मंडनंही. बस सुटायची वेळ झाली तेव्हा त्यानं तिन्ही नकाशांवरच्या टाचण्या काढून डबीत भरल्या, त्यांत तीही गेली. बर्नलीला जाऊन नकाशा परत लावताना त्यानं ती कुठं खोचली की खोचलीच नाही, कुणास ठाऊक. पुढचे मेळावे तिकडंच व्हायला लागले. सगळे तिकडंच राहतात, ते सोयीचं.

लॉर्नाचे मात्र फोन येत राहिले. नोव्हेंबरात तिनं हट्टच धरला, आठवडाभर बर्नलीला माझ्याकडं राहायला ये. ऑलिव्हनं आढेवेढे घेतले. कोंबड्यांचं निमित्त केलं. कोंबड्या मी बघते, म्हटलं आणि तिला बसमध्ये बसवून दिलं. "तिकडं चहात नुसतं पाणी घालतात म्हणे," ती खिडकीतून ओरडली. खुशीत होती.

आठवडा कुठला? चौथ्या दिवशी दुपारच्या बसमधून ती उतरताना दिसली. मी दुकानाबाहेर धावले.

"का गं? लॉर्नाशी वाजलं?"

"छे. लॉर्ना सोन्यासारखी आहे. माझ्यासाठी खोलीत शेगडी लावली, रोज नवीन काही खायला."

"मग?"

तिनं बॅग खाली ठेवली. "काल बाजारात गेलो होतो. खाटकाच्या दुकानावर पाटी काय, तर हॅवरस्केल आणि मुलगे. मी बघतच राहिले. तेवढ्यात मागून कुणी तरी हाक मारली, 'हॅवरस्केल! टोपी विसरलास!' मी वळले. माझ्याबरोबर आणखी तीन माणसं वळली. त्यातला एक मला म्हणाला, तुम्हीपण? मी म्हटलं, हो. कुठल्या तुम्ही, गिरणीकडच्या की कालव्याकडच्या? मी म्हटलं, कर्कबेकची. त्याला कर्कबेक माहीतच नाही, डोरीन. मी सांगितलं, डोंगरापलीकडं, जिथून सगळे आले तिथली. तर म्हणतो, असं? तिथं आपले अजून आहेत होय?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, आहेत. बरेच आहेत."

वारा बोचरा होता. तिनं डोक्यावरचा रुमाल घट्ट केला.

"असं का म्हटलं, मलाच कळलं नाही. त्यानं टोपी घातली, बरं वाटलं म्हणाला आणि गेला. बरेच आहेत म्हणून सांगितलं, आणि इथं एकुलत्या घराला कुलूप. मग मला तिथं करमेना."

मी म्हटलं, बॅग मी घेते. तिनं दिली नाही. आत ये, सूप गरम करते, म्हटलं, तर म्हणाली, आधी घर उघडते. सावकाश गल्ली चढून गेली. मी दारातून बघत राहिले. गिऱ्हाईक आलं, त्याला पोस्टाची तिकिटं दिली, परत येऊन पाहिलं तरी तिच्या चिमणीतून धूर दिसत नव्हता. चार दिवस बंद असलेलं घर, लाकडं दमट झाली असणार. मी फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिले. अंधारून यायच्या सुमाराला धुराची एक बारीकशी रेघ वर चढली, वाऱ्यानं मोडली आणि परत चढली.