दोन मुसळांचे उखळ

मित्रांनो, मी एक जुने उखळ आहे. बूड चिरले आहे, एक कड पोरांनी दगड मारून उडवली आहे. पण माझी कीव करू नका. सिएरा लिओनमध्ये, मोआ नदीकाठच्या आमच्या सेंबेमा गावात मला जेवढा मान आहे तेवढा गावप्रमुखालाही नाही, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगेन.

मला वांदी नावाच्या सुताराने कोरले, आपली नवी बायको यात्ता हिच्यासाठी. तोंड मुद्दाम रुंद ठेवले, दोन मुसळे मावतील असे. शेजारची तेन्ने रोज सकाळी आपले मुसळ घेऊन यायची. एकीचे मुसळ खाली, एकीचे वर, आणि मध्येच दोघी मुसळ हवेत सोडून टाळी वाजवायच्या! यात्ता बोलत सुटली की तेन्ने म्हणायची, "अगं बाई, तोंडाने भात कांडला जात नाही!" त्यांचा ठेका पलीकडच्या काठावर ऐकू जायचा. मी फुगून जायचो.

मग आपल्याच देशातली माणसे आपल्याच माणसांवर बंदुका घेऊन उठली. गाव रानात पळाले. वांदीने मला डोक्यावर घेतले.

"अहो, जीव वाचवायचा की लाकूड?" यात्ता ओरडली.

"परत आल्यावर खाशील काय? झाडपाला?" तो म्हणाला.

रानात एकच कडक नियम होता. कोणी कांडायचे नाही, कारण मुसळाचा आवाज कोसभर जातो. लोक कंदमुळांवर दिवस काढत होते. एका दुपारी सगळे पाण्यावर गेले असताना तेन्ने माझ्यापाशी आली. तिचे तान्हे पोर भुकेने निपचित पडले होते. तिने माझ्या पोटात फडके घातले, त्यावर मूठभर भात टाकला आणि कांडू लागली. तिला वाटले, फडक्याने आवाज दबेल. मलाही तसेच वाटले. अकरा घाव झाले.

तेवढ्या आवाजावर बंदूकवाले आले. लोक वाट फुटेल तिकडे धावले. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना आणायला वांदी परत फिरला आणि तिथेच गोळी लागून पडला.

"कोणी कांडलं?" यात्ता कितीतरी दिवस विचारत होती. मला ठाऊक होते, पण उखळाला कोण विचारतो?

लढाई संपली. लोकांनी मला गावात परत आणले. यात्ताने मला दारात उपडे घातले आणि पुन्हा हात लावला नाही. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. मला फार लाज वाटायची.

गाव मात्र उभे राहत होते. जळक्या घरांवर नवे पत्रे चढले, शाळा उघडली. एके दिवशी शेवरीच्या मोठ्या झाडाखाली सगळे गोळा झाले. ज्याच्या हातून जे घडले ते त्याने स्वतः सांगायचे, असे ठरले होते. तेन्ने गप्प राहिली असती तर कोणाला कळलेही नसते. पण ती उठली.

"यात्ता, रानात मी कांडलं. पोर मरायला टेकलं होतं गं." आमच्याकडे माफी मागताना कोलाफळे देतात; ती घेतली की माफी मिळाली. तिने ती यात्तापुढे ठेवली.

"तुझं पोर जगलं ना?"

"जगलं."

"माझा नवरा नाही जगला." यात्ताने फळांना हात लावला नाही.

"घे गं, टाक एकदाचं मिटवून," बायका म्हणू लागल्या. तेव्हा सर्वांत थोरली बेसेआजी कडाडली, "गप्प बसा! जखम तिची आहे. खपली कधी धरायची ते तुम्ही ठरवणार?"

दोन पावसाळे गेले. तेन्ने रोज येऊन माझ्याभोवतीची जागा झाडायची आणि निघून जायची. मला सरळ करायचे धाडस तिने कधी केले नाही.

मग नव्या भाताच्या दिवसांत एका सकाळी यात्ता बाहेर आली. तिने मला उचलून सरळ केले, आतून घासले, भात ओतला आणि हाक मारली, "तेन्ने! मुसळ आण."

तेन्ने धावत आली. पहिल्याच घावाला मुसळावर मुसळ आपटले, अर्धा भात बाहेर उडाला.

"मी विसरले नाहीये," यात्ता म्हणाली. "विसरणारही नाही. आता नीट हात चालव, पोरं भुकेली आहेत."

हळूहळू ठेका जमला. आवाज ऐकून म्हातारी माणसे दारात आली. सवयीने त्यांनी रानाकडे पाहिले. पण कोणीही पळाले नाही. मित्रांनो, त्या क्षणाइतका अभिमान मला कधीच वाटला नाही.

या गोष्टीला वीस वर्षे होऊन गेली. तेन्नेचा तो मुलगा आता गावच्या शाळेत शिकवतो. भात सडायला गिरणी आली, तरी लग्नाचा पहिला भात माझ्यातच कांडतात. गावातल्या पोरांना बंदुकीचा आवाज कसा असतो ते ठाऊक नाही, आणि ते त्यांना कधी ठाऊक होऊ नये.

तुमच्या गावात, तुमच्या घरात कोणी कोणाशी बोलत नसेल, तर एवढे करा. ज्याच्या हातून चूक झाली त्याला ती सांगू द्या, आणि ज्याचे माणूस गेले त्याच्यामागे घाई लावू नका. देशाची शांतता मोठ्या माणसांनी कागदावर सह्या करून आणली म्हणतात, ते खरेच असेल. सेंबेमात ती आली तेव्हा मी समोर होतो, आणि तिच्या हातात मुसळ होते.