ओढणीचा तंबू

कमळाकरमामांना बाळंतपणातलं सगळं कळत होतं. स्वतःचं पाणी उठून घेता येत नव्हतं, तो भाग वेगळा. भाच्याची लेक बघायला कर्जतहून आले ते मोहोपाड्याच्या कंपनीच्या चिमुकल्या क्वार्टरमध्ये एकुलत्या एक पंख्याखाली ठाण मांडून बसले. मग पौर्णिमाला बाळासकट भिंतीकडे तोंड करून बसावं लागलं.

"ओढणी नीट घे गं," सासूबाई, म्हणजे भीमाबाई, म्हणाल्या. "मामा बसलेत."

पौर्णिमाने घेतली. तिचं डोकं बाहेर, पोर तंबूत. आत तोंड कुठे लागतंय ते दिसायची सोय नाही. पोरगी नुसतं टोक धरायची, चावायची, सोडून किंचाळायची. बोंडांना चिरा पडल्या होत्या.

"भीमे, हिला दूधच नाय," मामांनी पाठीमागून निदान केलं.

"हाय रं, पन पाण्यावानी. मी वाटीत काढून बघितलं."

"मग डब्याचं दूध दे. आमचा हर्षद डब्यावरच वाढला. बघ कसा झालाय."

हर्षद कसा झालाय ते पौर्णिमाला ठाऊक होतं. तिशी उलटली तरी आईकडून नखं कापून घ्यायचा.

डबा आलाही होता. तिचा नवरा नरेश कंपनीच्या लॅबमध्ये दिवसभर नमुने तपासायचा. घरी मात्र ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं धरायचा. ओट्यापाशी तो बाटली उकळत होता. पोरगी एकदा बाटलीला लागली की अंगावर ओढणार नाही, आणि ओढलं नाही की दूध आटणार, हे पौर्णिमाने त्याला सांगून झालं होतं. "बघू," म्हणाला होता. तो नेहमीच बघायचा.

पोरगी पुन्हा चावली. पौर्णिमाने ओढणी काढून टाकली आणि खिडकीच्या उजेडाकडे वळली. उजेड मामांच्या बाजूला होता.

मामा कंपनीचा भोंगा वाजल्यासारखे व्हरांड्यात पळाले.

"लाज नाय का गं?" भीमाबाई.

"मला तोंड बघायचंय तिचं."

आणि दिसलं. पोरगी स्ट्रॉ धरावी तशी ओठ चिमटून ओढत होती. पौर्णिमाने ओठांच्या कोपऱ्यात बोट घालून तिला सोडवलं, पोटाशी पोट लावून घेतलं, मोठा आ होईपर्यंत थांबली, आणि हनुवटी आधी टेकवून जवळ ओढली. या वेळी भोवतीचा काळा भागही तोंडात गेला. दुखलं, पण चिरलं नाही. थोड्या वेळाने गुटूक, गुटूक ऐकू यायला लागलं.

भीमाबाई वाकून ऐकत राहिल्या. "गिळतेय की," त्या कुणाला तरी दोष दिल्यासारख्या म्हणाल्या.

"पाणीच असेल," पौर्णिमा म्हणाली. "नरेश, गॅस बंद कर."

त्याने केला.

"झालं का गं?" बाहेरून मामा कण्हले. "हितं ऊन लागतंय."

"दुसरी बाजू राहिलीय, मामा."