आणखी वीज कशाला?

तोर्षाची आई मेट्रो चालवायची, आणि परवापरवापर्यंत कोलकात्यातल्या त्यांच्या गल्लीला त्याचं केवढं कौतुक! मग मेट्रोवाल्यांनी गाड्यांना जादा वीज पुरवणारं वीजघर बांधायला क्लबच्या मैदानाचा कोपरा मागितला. नेमका तोच, जिथे दरवर्षी दुर्गेची मूर्ती बसते. झालं! क्लबचे सेक्रेटरी, अख्ख्या गल्लीचे मोठे काका बिभासजेठू असे भडकले, की यंदा अल्पना काढायला तोर्षाच्या आईने यायचं कारण नाही, असा निरोपच त्यांनी धाडला. देवीसमोरची ती तांदळाच्या पिठाची नक्षी आई लग्न होऊन आल्यापासून काढत होती. पीठ कालवायचा वाडगा तिने माळ्यावर टाकला.

मंडपाचा पहिला बांबू पुरायचा दिवस आला. जेठूंनी यंदा हात चांगलाच सैल सोडला होता. चंदननगरची पळत्या दिव्यांची रोषणाई, पाहुण्यांसाठी दांडगे कूलर, भिंतीएवढे स्पीकर. चहाचे घोट घेत ते सगळ्यांना ऐकवत होते, की मेट्रो चाळीस वर्षं नीट धावते आहे, आता आणखी वीज कशाला, खायला?

तोर्षाला राहवेना. आईकडून ऐकलेलं तिने धडाधड सांगून टाकलं. जुन्या डब्यांत नुसते पंखे होते, नव्यांत एसी आहे. आता एका गाडीच्या पाठोपाठ लगेच दुसरी सोडायची आहे. आणि थांबलेली गाडी वेग घेते तेव्हाच ती सगळ्यात जास्त वीज ओढते, मग चार गाड्या एकदम निघाल्या तर?

"तू आधी दहावी पास हो," जेठू म्हणाले.

शंख वाजला. जेठूंनी ऐटीत बटणं दाबली. रोषणाई पळाली, कूलर घरघरले, स्पीकर खाकरला आणि फट्! सगळं गप्प. मीटरच्या पेटीतून जळका वास यायला लागला.

जेठू वायरमनवर धावून गेले. क्लब बांधला तेव्हापासून हीच वायर आहे, चाळीस वर्षांत कधी कुरकुरली नाही, म्हणाले. तो बिचारा डोकं खाजवत कूलरकडे बघत राहिला.

"नाहीच कुरकुरली, जेठू," तोर्षा म्हणाली. "मग आता तिला आणखी वीज कशाला, खायला?"

शंख वाजवणाऱ्या काकीमांनी हसू दाबायला पदर तोंडाला लावला. जेठूंनी आधी तोर्षाकडे डोळे वटारले, मग कूलरकडे, आणि मग पाठीमागे हात बांधून ते त्या कोपऱ्याकडे चालू लागले. तिथून तोर्षाकडे न बघताच त्यांनी विचारलं, की वीजघर कुठवर येणार?

फुचके, म्हणजे पाणीपुरी विकणाऱ्याच्या हातगाडीपर्यंतच, तोर्षाने सांगितलं. देवी मैदानात समोरच्या शिरीषाच्या झाडाखाली बसली तर मोठ्या रस्त्यावरून दिसेल. पलीकडच्या क्लबची कुठे दिसते?

हे मात्र जेठूंना एकदम पटलं. कोपऱ्याचं काय ते रविवारी सभेत ठरेल, मी अडवणार नाही, असं ते पुटपुटले आणि त्यांनी बांबू शिरीषाखाली आणायला लावला. खड्डा खणून झाला. बांबू उचलणार, एवढ्यात त्यांनी हात वर केला.

"थांबा रे. अल्पनेशिवाय पुरता की काय? जा गं, आईला बोलाव. आणि म्हणावं, गाडी वेळेवर आण."

तोर्षा अशी सुटली की एक चप्पल मैदानातच राहिली. घरात शिरताच ती स्टुलावर चढली, आधी माळ्यावरचा वाडगा काढला आणि मग आईला हाक मारली.