बुडालेली बायको

माझे वडील दीपगृहाचे रखवालदार होते. मी कडेवर होते तेव्हाच आई त्यांना सोडून निघाली आणि शिवणकाम करून तिने मला वाढवलं. ते वारले, दीपगृह पर्यटकांसाठी उघडलं, तेव्हा कुठे ती म्हणाली, "चल, बघून येऊ."

गोल जिन्याने दहा-बारा जण चढलो. मधली खोली एकेकाळी आमची होती. आता तिथे मखमली चादरीचा पलंग मांडला होता.

"मखमल!" आई पुटपुटली. "साधी गादी मागितली तर उद्या-उद्या करत वर्ष काढलं यांनी."

गाइडने आवाज घोगरा केला. "वादळात रखवालदाराची होडी परतली नाही. तो मेला असं समजून त्याच्या बायकोने याच खिडकीतून उडी घेतली!"

एका बाईने डोळे टिपले.

"यातून माझं डोकंसुद्धा जात नव्हतं," आई म्हणाली.

"तुम्हाला काय माहीत, आजी?"

"मीच ती बायको."

कुणीतरी फिदीफिदी हसलं. आईने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "पेटी उचलली, हिला घेतलं आणि सरळ दाराने गेले. पोर तापाने फणफणली होती आणि हे वर काचा पुसत बसलेले. तो दिवा म्हणजे सवतच होती माझी."

गाइड ओशाळला. "पण हे त्यांनीच सांगितलं हो सगळ्यांना. माझे वडील इथेच कामाला होते. दरवर्षी साहेब पाण्यात फुलं सोडायचे म्हणे."

आई मटकन पलंगावर बसली. मला वाटलं, आता रडते.

"बायको सोडून गेली म्हणायला जीभ रेटेना, म्हणून मला बुडवून टाकलं मेल्याने! नांदत होते तेव्हा एक फूल आणलं नाही कधी."

"आजी, जरा सरकता?" डोळे टिपणारी बाई म्हणाली. "खिडकीचा फोटो हवाय."

"काढा की. बुडालेलीसकट काढा."

बाईने फोन पर्समध्ये टाकला आणि इतरांमागे वर पळाली.

उतरताना आईने माझा दंड घट्ट धरला होता. बाहेर रणरणतं ऊन होतं.

"ढोंगी," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "ढोंगी."