चोवीसपैकी चोवीस

आमच्या प्रयोगशाळेत माझं काम संशय घेण्याचं. बाकीचे रक्तात रोग शोधतात. मी फक्त ते रक्त ज्याच्या नावाने आलंय त्याचंच आहे का, एवढं बघते. प्रत्येक पेशंटच्या दोन नळ्या येतात. एक तपासणीला जाते, दुसरी माझ्याकडे. दोन्हींतल्या डीएनएवरच्या चोवीस खुणा मी ताडून बघते. चोवीसपैकी चोवीस जुळल्या की रिपोर्ट बाहेर पडतो. अट एकच: दोन नळ्यांसाठी दोनदा टोचायचं आणि दोन्ही वेळा नाव विचारायचं. एका नळीत घोटाळा झालाच, तर दुसरी चुगली करते.

हा नियम मीच लिहिला. न पाळणाऱ्यांना फैलावर घ्यायला मला आवडायचंही.

आई अंडाशयाच्या कॅन्सरने गेली. तिच्या जनुकातला, कॅन्सर आणणारा दोष माझ्यात आला नव्हता. धाकट्या बहिणीत आलाय का, ते बघायचं होतं. सुई दिसली की ही पांढरीफटक पडते. रक्त घेणाऱ्या काकांना मी बाजूला घेतलं.

"काका, हिला एकदाच टोचा. दोन्ही नळ्या त्यातच भरा."

"मॅडम, नियम तुमचाच आहे."

"अहो, सख्खी बहीण आहे माझी. मी काय तिला ओळखत नाही?"

काकांनी ऐकलं. त्याच तपासणीला आलेली शेजारच्या खुर्चीवरची बाई म्हणाली, "मग मलाही एकदाच टोचा की!" काकांनी तिचंही ऐकलं. दोघींचे ट्रे शेजारी शेजारी होते, नळ्यांवर नावं आधीच चिकटवलेली. बोलण्याच्या नादात ट्रेंची अदलाबदल झाली. माझ्याकडे आल्यावर सगळं जुळलं. चुकीच्या नावाच्या दोन्ही नळ्या एकाच बाईच्या असल्यावर जुळणारच. बहिणीचा रिपोर्ट निर्दोष आला. आम्ही दोघी गळ्यात पडून रडलो. दर सहा महिन्यांची सोनोग्राफी तिने बंद केली.

दीड वर्षाने त्या दुसऱ्या बाईचं ऑपरेशन झालं. वय एकतीस, मूलबाळ नाही. दोष आहे असं सांगणाऱ्या आमच्या रिपोर्टवर विसंबून तिने दोन्ही अंडाशयं काढून घेतली. काढलेल्या तुकड्याच्या खुणाही मलाच ताडायच्या असतात. तिच्या नावाच्या रक्ताशी जुळल्या फक्त नऊ. मी ऑपरेशन विभागाला फोन करून झापलं, "तुकडे तरी नीट भरत जा!" मग त्या खुणा जुन्या नोंदींशी लावून पाहिल्या. चोवीसच्या चोवीस जुळल्या, माझ्या बहिणीच्या नावाशी.

त्या बाईचं अंग फुकट कापलं गेलं होतं. आणि दोष होता तो माझ्या बहिणीत.

प्रमुख डॉक्टरांनी काकांना बोलावलं. मीही तिथेच होते. नोंदवहीत दोन्ही नळ्यांची वेळ एकच होती.

"एकाच टोचण्यात दोन्ही? का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन म्हणून ते थांबले, चांगले थांबले. मी टेबलावरचे कागद सारखे करत बसले.

"घाई होती, साहेब," काका म्हणाले.

काकांची बावीस वर्षांची नोकरी गेली. मला माझीच किळस आली, पण तोंड उघडलं नाही ते नाहीच.

बहिणीचं रक्त पुन्हा घेतलं, दोनदा टोचून. दोष निघाला. सोनोग्राफीत संत्र्याएवढी गाठ निघाली, आणि ती पोटात पसरलीही होती.

ऑपरेशनच्या सकाळी ती नर्सला सांगत होती, "ही माझी ताई. हिनेच चूक पकडली. ही नसती तर मला पत्ताही लागला नसता." नर्सने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं.

"त्या माणसाला काढलं ना गं?" बहिणीने विचारलं.

"काढलं."

"बरं झालं. असल्यांना माफी नाही, ताई."

मी "हो" म्हटलं आणि तिचं पांघरूण नीट केलं.